समुद्रातल्या शेताला जागा कोणती?

बडोद्याच्या जुन्या शहराच्या मध्यभागी मांडवी उभी आहे. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चारही दरवाजांकडून येणारे रस्ते तिच्या कमानींपाशी एकमेकांस मिळतात. देवउठी एकादशीला जवळच्याच विठ्ठलमंदिरातून निघणारी पालखी, दिवाळीच्या आधीची गर्दी, कमानीखालून वाट काढणाऱ्या सायकली व रिक्षा हे सारे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी लहानपणापासून पाहिलेले असेल. मांडवी या शब्दाचा जुना अर्थ जकात वसूल करण्याची जागा असा आहे. म्हणूनच कच्छात मांडवी हे बंदर आहे, रत्नागिरीस मांडवी हा किनारा आहे आणि मुंबईत बंदरालगतच्या एका भागाचेही तेच नाव आहे. आमच्या मांडवीला मात्र समुद्राचा वारा कधी लागला नाही. असे असूनही गेल्या वर्षी मांडवीजवळच्या एका घरात काही दिवस समुद्राखेरीज दुसरा विषय नव्हता. त्याची हकीकत उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

आमचे एक स्नेही नोकरीतून निवृत्त झाले. त्यांच्या चिरंजीवांनी वर्तमानपत्रांतून समुद्रशैवालाच्या शेतीविषयी बरेच वाचले होते. या शेतीला जमीन नको, नांगर नको, खत नको आणि गोडे पाणीही नको; दीड महिन्यात पीक हाती येते; सरकारचेही तिला उत्तेजन आहे. यातले काहीच खोटे नव्हते. त्यातच कोणीतरी त्यांना एक रंगीत नकाशा आणून दिला. योग्य जागा हिरव्या, मध्यम जागा पिवळ्या आणि अयोग्य जागा तांबड्या रंगाने दाखविल्या होत्या. एक हिरवा पट्टा खंभातच्या आखातावर, कावी-कंबोईच्या बाजूला होता. बडोद्याहून सुमारे ७५ किलोमीटरचे अंतर. सकाळी जावे आणि संध्याकाळी घरी यावे. वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतील मोठा हिस्सा या कामी लावावा, असा मुलाचा आग्रह होता आणि वडिलांचे मनही जवळजवळ झाले होते.

वहिनींनी मात्र एकच शंका काढली. “कंबोईला आपण स्तंभेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो ना? भरतीला देऊळच पाण्यात जाते आणि पाणी कसे, तर दूध घातलेल्या चहासारखे. त्यात उगवणार काय?”

या प्रश्नाचे उत्तर नकाशात नव्हते. आमचा भाचा उपग्रहांच्या साहाय्याने नकाशे करण्याच्या कामात आहे. त्याला एका रविवारी घेऊन आम्ही स्नेह्यांकडे गेलो. त्या दिवशी जे बोलणे झाले आणि पुढे आम्ही जे वाचून घेतले, ते या लेखाचे सार आहे.

चायना ग्रास आणि तिचे भाऊबंद

समुद्रशैवाल म्हटले की पुष्कळांना किनाऱ्यावर वाहून आलेली ओली, वासाची जाळी आठवते. पण ते आपल्या घरात केव्हाच आलेले आहे. खरवसासारखे थरथरणारे गोड पदार्थ करण्यासाठी किराणा दुकानातून आपण चायना ग्रास आणतो, ती गवताची जात नसून जेलिडियम, ग्रॅसिलारिया इत्यादी तांबड्या शैवालांपासून काढलेला अगर हा पदार्थ होय. कप्पाफायकस नावाच्या दुसऱ्या तांबड्या शैवालापासून कॅरागिनन मिळते. आइस्क्रीम, दाताची पेस्ट आणि कितीतरी बाटलीबंद पदार्थ त्याच्यामुळे एकजीव राहतात. शैवालाचा रस पिकांवर फवारण्याचे कामही आता रूढ झाले आहे.

या अगरची एक गोष्ट वहिनींच्या शंकेच्या संदर्भात सांगण्याजोगी आहे. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढविण्यासाठी जिलेटीन वापरीत. पण उबेत ते पातळ होई. तेथे काम करणाऱ्या वॉल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी १८८१ च्या सुमारास सुचविले की, आपण स्वयंपाकघरात गोड पदार्थांना अगर घालतो तो उन्हाळ्यातही घट्ट राहतो, तोच येथे वापरून पाहावा. तेव्हापासून जगातील बहुतेक प्रयोगशाळांत जंतू अगरवरच वाढवितात. स्वयंपाकघरातून निघालेली सूचना किंवा शंका शास्त्राने झटकून टाकू नये, एवढाच याचा मथितार्थ.

जगात शेतीने पिकविलेले शैवाल वर्षाला साडेतीन कोटी टनांच्या आसपास, म्हणजे अर्थातच ओल्या वजनाचे, निघते आणि त्यात चीन व इंडोनेशिया यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. भारताला इतका लांब किनारा असूनही आपला वाटा अगदी अल्प आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शैवालासाठी ६४० कोटी रुपये राखून ठेवण्यात आले, ते ही उणीव भरून काढण्यासाठीच. २७ जानेवारी २०२४ रोजी कच्छच्या टोकाला, कोरी खाडीवरील कोटेश्वर येथे या विषयावर राष्ट्रीय परिषदही भरली होती.

शेतीची रीत साधी आहे. बांबूचा ३ मीटर लांब व ३ मीटर रुंद असा तराफा करतात. त्यावर दोऱ्या ताणून दोऱ्यांना शैवालाचे तुकडे, म्हणजे बेणे, बांधतात आणि तराफा नांगरून समुद्रात सोडतात. सुमारे ४५ दिवसांनी बेण्याच्या चौपट-पाचपट माल निघतो. त्यातला काही पुन्हा बेण्यासाठी ठेवून उरलेला वाळवितात. जेथे लाटांचा मार अधिक तेथे तराफ्याऐवजी नळीच्या आकाराच्या जाळ्यात बेणे भरतात. सारे काही इतके सोपे आहे की, अवघड काय ते एकच उरते: तराफा सोडायचा कोठे?

आपल्याच राज्याचा जुना किनारा

हा प्रश्न बडोद्याला सर्वस्वी नवा नाही, हे येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. द्वारका, बेट आणि ओखा यांचा ओखामंडळ प्रांत पूर्वी गायकवाडांच्या राज्यात होता. आज तो देवभूमी द्वारका जिल्ह्यात मोडतो. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बडोदे सरकारने या किनाऱ्याच्या समुद्रात काय काय आहे आणि त्याचा प्रजेला कसा उपयोग होईल हे पाहण्यासाठी जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञास पाचारण केले. १९०५-०६ मध्ये हॉर्नेल यांनी तेथील प्राणिसृष्टीचे नमुने गोळा केले. निरनिराळ्या तज्ज्ञांनी ते तपासले आणि बडोदे सरकारला सादर झालेला हा अहवाल १९०९ व १९१६ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. मोती देणारी कालवे, खाण्याची कालवे आणि शंख यांच्यावर त्यात विशेष भर होता.

आपल्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, समुद्रातून उत्पन्न घ्यावयाचे तर आधी तो समुद्र जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावा, हे त्या काळच्या एका संस्थानाला उमगले होते. उपग्रह नव्हते, संगणक नव्हते. पाहणारे प्रत्यक्ष किनाऱ्यावर जात व नमुने उचलून तज्ज्ञांकडे धाडीत. पुढे स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये भावनगरला केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था स्थापन झाली आणि शैवालाच्या संशोधनाची धुरा मुख्यतः तिने वाहिली. कप्पाफायकसचे बेणे १९८४ मध्ये याच संस्थेने परदेशातून आणून प्रथम सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वाढविले आणि मग ते तमिळनाडूतील मंडपमला नेले.

एकावर एक नकाशे

आता नकाशांकडे वळू. आमच्या भाच्याने स्नेह्यांच्या टेबलावरचे काही पारदर्शक कागद मागून घेतले आणि त्यांवर किनाऱ्याची एकच रेघ पुन्हा पुन्हा काढली. पहिल्या कागदावर त्याने पाण्याची उष्णता लिहिली, दुसऱ्यावर क्षारता, तिसऱ्यावर खोली, चौथ्यावर गढूळपणा, पाचव्यावर प्रवाहाचा वेग, सहाव्यावर बंदरे व जहाजांच्या वाटा आणि सातव्यावर अभयारण्ये. मग सारे कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरले.

“काका, संगणक याहून वेगळे काही करीत नाही,” तो म्हणाला. “फक्त हे कागद तो हजारो ठेवू शकतो आणि दमत नाही.”

ही कल्पना जुनी आहे. कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६० नंतरच्या दशकात भूप्रदेशाची माहिती संगणकात अशा थरांनी साठविण्याची पद्धत उभी केली आणि अमेरिकेत इयन मॅकहार्ग यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून रस्ते व वसाहती कोठे असाव्यात हे ठरविण्याची रीत दाखवून दिली. थरांसाठी माहिती पुरविण्याचे काम आता बव्हंशी उपग्रह करतात. आपल्या ओशनसॅट मालिकेतील उपग्रह समुद्राचा रंग पाहतात. त्यावरून पाण्यातील हरितद्रव्य आणि गाळ यांचा अंदाज बांधता येतो. उष्णता मोजणारी उपकरणे वेगळी असतात. खोलीसाठी नाविकांचे तक्ते आणि प्रवाहासाठी गणिताने तयार केलेली चित्रे वापरतात.

कप्पाफायकससारख्या पिकाच्या मागण्याही ठरलेल्या असतात. पाणी कोमट, साधारण २४ ते ३० अंश सेल्सियसचे असावे. क्षारता मोकळ्या समुद्रासारखी, म्हणजे हजार भाग पाण्यात सुमारे ३० ते ३५ भाग मीठ अशी असावी. पाणी इतके स्वच्छ असावे की सूर्यप्रकाश आत पोचेल. सर्वांत खालच्या ओहोटीलाही तराफ्याखाली निदान मीटरभर पाणी उरावे, नाहीतर तराफा तळावर टेकून पीक उन्हात करपते. प्रवाह अगदीच मंद असला तर पिकावर गाळ व बांडगुळे बसतात. फार वेगवान असला तर दोऱ्या तुटतात. नदीचे मुख जवळ नसावे, कारण पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा आला की हे शैवाल पांढरे पडून गळते.

हे सर्व थर जमले की प्रत्येकाला वजन द्यावे लागते. क्षारता अधिक महत्त्वाची की खोली? बाजार जवळ असण्याला किती किंमत द्यावी? यासाठी थॉमस साटी यांनी १९७० नंतरच्या दशकात मांडलेली एक पद्धत पुष्कळ ठिकाणी वापरतात: जाणत्या माणसांना दोन-दोन गोष्टींची जोडी देऊन त्यांतली कोणती किती पटीने महत्त्वाची असे विचारायचे आणि उत्तरांवरून वजने काढायची. म्हणजे रंग संगणक भरतो खरा, पण रंगामागचे मत माणसाचेच असते.

आधी वर्ज्य, मग गुण

नेमके येथेच स्नेह्यांच्या नकाशाची चूक सापडली. आपल्या वाचकांस ती पत्रिकेच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. ज्या घरांतून पत्रिका पाहतात, तेथे मुलामुलींचे छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते मोजतात. पण ती दोघे सगोत्र निघाली तर गुण मोजायला कोणी बसत नाही. बोलणे तेथेच थांबते. काही अटी बेरजेत घालावयाच्या असतात आणि काही बेरजेच्या आधीच लावावयाच्या असतात.

त्या नकाशात साऱ्याच अटी बेरजेत घातल्या होत्या. रस्ता जवळ, शहर जवळ, बाजार जवळ, बर्फाचा कारखाना जवळ या गोष्टींना भरपूर गुण मिळाले आणि गढूळपणाचे थोडेसे उणे झालेले गुण त्यांनी भरून काढले. मुंबई-अहमदाबादच्या मोठ्या रस्त्याच्या कृपेने खंभातचे आखात हिरवे झाले! प्रत्यक्षात रस्ता कितीही चांगला असला तरी अंधाऱ्या पाण्यात शैवाल वाढत नाही.

खंभातच्या आखाताचा स्वभाव आपण पाहू. साबरमती, मही, नर्मदा आणि तापी या मोठ्या नद्या त्यात येतात. आमची विश्वामित्रीही ढाढरला मिळून अखेर तेथेच पोचते. भावनगरच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक १० मीटरांहून अधिक होतो. भारतात इतकी मोठी भरती दुसरीकडे नाही. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत धावते आणि बाहेर जाते, तेव्हा तळाचा चिखल सतत ढवळला जातो. वहिनींनी पाहिलेला चहाचा रंग तो हाच. जे देऊळ भरतीत पूर्ण बुडते आणि ओहोटीत कोरडे होते, तेच देऊळ तराफ्याचे काय होईल ते दिवसातून दोनदा सांगत उभे आहे.

दुसरी चूक सरासरीची होती. नकाशा करणाऱ्याने क्षारतेची वर्षाची सरासरी घेतली होती. बडोदेकरांना सरासरीचा धोका समजावून सांगण्याची गरज पडू नये. विश्वामित्रीच्या पाण्याची वर्षाची सरासरी पातळी काढली तर कोणाचाही उंबरा भिजणार नाही; पण २०२४ च्या ऑगस्टअखेरीस तिने घरांत, दुकानांत शिरून काय केले ते आपण पाहिले आहे. शैवाल सरासरीत जगत नाही. ते वर्षातल्या सर्वांत वाईट आठवड्यात मरते. म्हणून प्रत्येक महिन्याचा वेगळा नकाशा करून, जी जागा निदान पिकाच्या साऱ्या महिन्यांत चांगली ठरते तीच चांगली मानावी लागते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने ते महिने बहुधा सोडूनच द्यावे लागतात.

मग गुजरातेत जागा नाहीच काय? आहे, आणि पुष्कळ आहे. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था व भावनगरची संस्था यांच्या पाहण्यांवरून देशभरात सुमारे २४ हजार हेक्टर समुद्र या शेतीस योग्य ठरविण्यात आला आहे आणि त्यात गुजरातचा हिस्सा मोठा आहे. वेरावळपासून उन्याजवळच्या सिमरपर्यंतच्या सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मोठ्या नद्या नाहीत, पाणी स्वच्छ आहे. तेथे ग्रॅसिलारिया ड्युरा या आपल्याच समुद्रातील शैवालाची लागवड भावनगरच्या संस्थेने यशस्वी करून दाखविली आहे. कच्छच्या आखातात गोड्या पाण्याची आवक थोडी आणि बाष्पीभवन अधिक असल्याने आत जावे तसे पाणी अधिक खारट होत जाते. ओख्याच्या बाजूला भरती तीन-चार मीटरांची, तर आत नवलखीकडे ती सात मीटरांच्या पुढे जाते. म्हणजे एकाच आखातात मुखाची जागा वेगळी आणि पोटातली वेगळी.

शिवाय या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर ओख्यापासून जोडियापर्यंत प्रवाळ, तिवरे व बेटे यांचे सागरी अभयारण्य १९८० मध्ये आणि राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये घोषित झाले. ते वर्ज्य. मोठ्या बंदरांच्या व तेलवाहू जहाजांच्या वाटा वर्ज्य. सीमेलगतच्या खाड्यांत सुरक्षादलांच्या परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही. वादळांचाही विचार हवा: मे २०२१ मधील तौक्ते वादळ उन्याजवळच किनाऱ्यावर आले आणि जून २०२३ मधील बिपरजॉय कच्छमध्ये जखौजवळ. चांगल्या जागेलाही चांगला हंगाम असतो, आणि हंगाम संपताच तराफे ओढून घ्यावे लागतात.

मन्नारच्या आखाताचा धडा

जागा चुकल्याने काय होते याचे उदाहरण तमिळनाडूत घडून गेले आहे. रामनाथपुरम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर कप्पाफायकसची शेती बचतगटांतील स्त्रियांनी अंगावर घेतली. २००१ मध्ये वाळलेल्या मालाचे उत्पन्न अवघे २१ टन होते, ते २०१३ पर्यंत १,४९० टनांवर गेले. कितीतरी घरांत प्रथमच बाईच्या नावाने नियमित पैसा आला. आणि मग पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले, पीक मोठ्या प्रमाणावर मेले आणि उत्पन्न झपाट्याने उतरले. जागा कालपर्यंत चांगली होती; पाण्याने आपला स्वभाव बदलला. तेव्हा एकदा काढलेला नकाशा जन्मभर पुरत नाही. तो दरवर्षी पुन्हा काढावा लागतो, हा पहिला धडा.

दुसरा धडा कुरुसडई बेटाचा. मन्नारच्या आखातातील या बेटाजवळ परदेशी कप्पाफायकस सुटून जिवंत प्रवाळांवर पसरले, त्यांना झाकून गुदमरवू लागले, असे शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये नोंदविले. पिकाला मानवणारी जागा आणि पिकामुळे बिघडणार नाही अशी जागा, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नकाशावर पहिली हिरवी दिसते. दुसरीसाठी स्वतंत्र कागद ठेवावा लागतो. प्रवाळ आणि सागरी गवताची कुरणे यांच्यापासून परदेशी जात दूर ठेवणे, जेथे जमेल तेथे आपल्याच समुद्रातली जात लावणे, हे त्यातून निघणारे व्यवहाराचे नियम होत.

जो कागद उपग्रह देत नाही

इतके झाल्यावर स्नेह्यांच्या चिरंजीवांनी विचारले, “म्हणजे सगळे वर्ज्य काढून टाकले आणि मग बारा महिन्यांचे नकाशे पाहिले, की जागा नक्की झाली?”

भाच्याने मान हलविली. “नाही रे. ओशनसॅटच्या चित्रातला एक चौकोन ३६० मीटरांचा असतो. आपला तराफा तीन मीटरांचा. शिवाय किनाऱ्याच्या अगदी जवळ, उथळ पाण्यात, तळाचा रंग पाण्याच्या रंगात मिसळतो आणि उपग्रह फसतो. नकाशा आपल्याला दहा गावे सांगेल. त्या दहांतले एक निवडायला तिथे जावेच लागते. बाटलीत पाणी भरून पाहायचे, चार तराफे सोडून एक हंगाम वाट बघायची.”

आणि त्याने आणखी एक कोरा कागद त्या चळतीवर ठेवला. तो कागद कोणताच उपग्रह भरून देत नाही. ज्या पाण्यावर नकाशात काहीच दिसत नाही, तेथे कोणी जाळे टाकतो, कोणाच्या होड्या वाऱ्याच्या दिवसांत आसरा घेतात, कोठे बायका ओहोटीला कालवे व शिंपले वेचतात. समुद्राला सातबारा नाही, म्हणून तो कोणाचा नाही असे समजू नये. किनाऱ्यावरच्या माणसांना कोणते पाणी कोणत्या महिन्यात कोणाचे, हे न लिहिता पाठ असते. बाहेरच्या माणसाने हिरव्या चौकोनात तराफे आणून उभे केले तर पिकाआधी तंट्याचेच बीज रुजते. आणि सर्वांत चांगली गोष्ट अशी की, हा कागद भरण्यास काही खर्च येत नाही; गावात जाऊन विचारावे लागते, एवढेच. जाणता खारवी अर्ध्या तासात भरती, तळ, वारा आणि गढूळपणा यांविषयी जे सांगेल, त्याने नकाशातली कितीतरी चूक दुरुस्त होते.

आम्हांस या साऱ्या विषयातून एकच गोष्ट मनोमन पटली. चांगल्या नकाशाचे पहिले काम ‘येथे करा’ असे सांगणे नव्हे, तर ‘येथे करू नका’ असे सांगणे हे आहे. जो नकाशा कोठेच नाही म्हणत नाही, त्याच्यावर पैसा लावू नये. चोवीस हजार हेक्टरांचा आकडा मोठा आहे आणि किनाऱ्यावरच्या गरीब घरांना, विशेषतः स्त्रियांना, त्यातून खरोखर आधार मिळू शकतो. म्हणूनच पहिली चारदोन शेते चुकीच्या पाण्यात बुडता कामा नयेत. एकदा ज्या गावाचा पैसा बुडाला, ते गाव दुसऱ्यांदा त्या कामाला सहसा उभे राहात नाही.

आमच्या वाचकांच्या घरांतूनही अशा योजना घेऊन कोणी येत असतील. त्यांना विचारण्याजोगे प्रश्न थोडे आहेत. नकाशातील माहिती कोणत्या महिन्यांची आहे? सर्वांत खालच्या ओहोटीला तेथे किती पाणी उरते? नदीचे मुख किती दूर? जात आपल्या समुद्रातली की बाहेरची? परवानगी कोणाची लागते? त्या जागी एक पूर्ण हंगाम लागवड करून कोणी पाहिली आहे काय? आणि तेथील मच्छीमारांना कोणी विचारले काय? या सात प्रश्नांची उत्तरे मिळाली तर पुढे बोलावे. न मिळाली तर चहा देऊन निरोप द्यावा.

आमच्या स्नेह्यांची रक्कम बँकेतच राहिली. चिरंजीव मात्र हिरमुसले नाहीत. हिवाळ्याच्या हंगामात ते सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर जाऊन लागवडीचे काम हाताने करून आले. परत आले ते उन्हाने रापून, बोटांना दोऱ्यांचे घट्टे घेऊन. आता ते म्हणतात की, करायचे तर तेथल्याच एखाद्या गटाबरोबर, लहान प्रमाणावर आणि त्यांच्या सल्ल्याने करायचे. मांडवीतून समुद्र पाचशे किलोमीटर दूर असला तरी चालेल. पण तो शैवालाचा समुद्र असला पाहिजे.

वहिनींना आम्ही म्हटले, “तुमची शंका शास्त्राला धरून निघाली.”

त्या म्हणाल्या, “अहो, त्यात शास्त्र कसले? डाळ धुतलेले पाणी गढूळ असले तर आपण ते पुन्हा धुतो. समुद्र कोण धुणार?”